तुझ्या नावाने सोडलेलं कासव

मंदा,

तुझी आई रोज सकाळी तळ्यावर जाते आणि एका कासवाशी बोलते. ते कासव तिथून काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि उद्या शनिवार आहे.

तू असतीस तर हा प्रश्न एका वाक्यात निकालात काढला असतास. "काढ आणि मोकळी हो." तुला सगळं एका वाक्यात निकालात काढता यायचं आणि त्याचा मला किती राग यायचा, हे मी तुझ्या स्कूटीवर मागे बसून हजारदा सांगितलं. हेल्मेटमुळे निम्मं तुला ऐकू यायचं नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घ्यायची नाहीस. आता मात्र सगळं ऐकावं लागेल. मध्येच ब्रेक मारून "काय म्हणालीस?" असं विचारायची सोय राहिलेली नाही.

शाळेत तुझी शोकसभा झाली. तुझं शिक्षण, तुझी सेवेची वर्षं, विज्ञान प्रदर्शनातली बक्षिसं, सगळं वाचून दाखवलं. फोटो लावला होता तो ओळखपत्रावरचा, ज्यात तू नुकतीच पकडलेल्या चोरासारखी दिसतेस. हाराखाली तो फोटो बघून मला हसू आलं, आणि शेजारी बसलेल्या पीटीच्या सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईने पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं मी रडतेय. मी रडले नव्हते. अजूनही नीटशी रडलेली नाही, कारण तुझ्यावर चिडलेली आहे, आणि चिडलेलं असताना मला रडता येत नाही हे तुला माहीत आहे.

आपलं भांडण अर्धं राहिलंय. ते कुठे राहिलं ते आधी सांगते.

तुझ्या शनिवारच्या वर्गाची सुरुवात मला आठवते. सातवीच्या वर्गात तू फळ्यावर मोठ्या अक्षरांत "घुसखोर" असं लिहिलं होतंस आणि खाली नावं. जलपर्णी, सकर मासा, मांगूर, लाल कानांचं कासव. शेजारच्या वर्गात मी मराठीचा तास घेत होते, पण तुझा आवाज असा की भिंतीपलीकडे माझी मुलंही तुझंच ऐकत होती. "हे बाहेरून आले आणि आपल्या तळ्यांत घुसले! आपल्या माशांची अंडी खाल्ली! आपली जागा घेतली!" मग एकदम शांतता झाली. तुझ्या वर्गात शांतता म्हणजे काहीतरी बिघडलं, म्हणून मी दारात येऊन उभी राहिले.

कशिश उभी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी वसलेल्या कॅम्प पाचमध्ये जिच्या आजोबांचं फिशटँकचं दुकान आहे ती. म्हणाली, "टीचर, मेरे परदादा भी बाहर से आए थे. सिंधमधून, कॅम्पमध्ये. तो हम लोग भी घुसखोर हैं क्या?"

तिने उद्धटपणे विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. अर्ध्या वर्गाचे पणजोबा तसेच आलेले. उरलेल्यांपैकी कोणी खानदेशातून, कोणी उत्तरेतून. आणि दारात उभी असलेली मी साताऱ्याहून. तुझ्या गावच्या भातशेतीवर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहणारी. तू मला चिडवायला काय म्हणायचीस? "ही आमची घाटावरची जलपर्णी. एक आली आणि मागून अख्खं खानदान बोलावलं." मी पण म्हणायचे, तुमच्याच लोकांनी जमिनी विकल्या, आम्ही काय पोहत आलो का? हे आपलं रोजचंच होतं. पण कशिशचं विचारणं त्यातलं नव्हतं, आणि ते तुला कळलं. तू डस्टर शोधलं नाहीस, तळहातानेच तो शब्द पुसलास आणि खडूचा हात साडीला पुसत म्हणालीस, "बस. शनिवारी सांगते."

शनिवारी तू शाळेची बस घेऊन सगळ्यांना तुझ्या गावच्या तळ्यावर घेऊन गेलीस. बदलापूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, जिथे तुझं लहानपण गुडघाभर पाण्यात गेलं. बरोबर दोन टब होते, एक निळा आणि एक लाल. मुलांनी जाळं टाकायचं, जे येईल ते बघायचं. तू म्हणालीस, "कोणी कुठून आलं ते विचारायचंच नाही. आल्यावर शेजाऱ्याला जागा ठेवतो का, तेवढंच बघायचं. ठेवत असेल तर निळा. नसेल ठेवत तर लाल." निळ्यातलं जे असेल ते मुलांनी त्याचं नाव मोठ्याने घेऊन पाण्यात परत सोडायचं. मरळ! शिंगटी! झिंगे! झिंग्यांना मुलं एकेक करून नाव घेत सोडत बसली आणि बसवाला हॉर्न वाजवून कंटाळला. कशिश सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती. मला तुझा अभिमान वाटला होता, मंदा. तो मी तेव्हा बोलून दाखवला नाही, कारण तू लगेच डोक्यावर बसली असतीस.

भांडण झालं ते लाल टबावरून.

लाल टबातलं तू परत पाण्यात जाऊ द्यायची नाहीस. बांधापलीकडे खड्डा खणून ठेवायचीस. काटेरी सकर मासे, कोणीतरी हौसेने पाळून मग नको झाले म्हणून आणून टाकलेले, ते तू त्यात पुरायचीस, आणि मुलांना तिथे उभं करायचीस. "बघू देत. तळं राखायचं म्हणजे काय करावं लागतं ते कळू दे." सातवीतला एक मुलगा घरी जाऊन जेवलाच नाही. त्याची आई शाळेत आली आणि नेमकी माझ्यासमोर रडली. त्या दिवशी परत जाताना मी तुला धरलं. वालधुनीच्या पुलावरून सुरुवात केली, नदीच्या घाण वासाने नाकाला ओढणी लावूनच, ते अंबरनाथच्या नाक्यापर्यंत. "मुलांच्या हातून जीव मारवू नकोस," मी म्हटलं. तू म्हणालीस, "मी मारते, ते बघतात." मी म्हटलं, त्यांच्या वयाला त्यात फरक नसतो. तू म्हणालीस, मग तळं मरू दे का? सिग्नल हिरवा झाला होता, मागचे रिक्षावाले बोंबलत होते आणि तू हेल्मेटची काच वर करून मागे वळून म्हणालीस:

"मारायचं नाही, सोडायचं पण नाही. मग काय करायचं? तू सांभाळ. जन्मभर."

मी म्हटलं, "सांभाळीन."

तू हसलीस. "एक तुळस जगत नाही तुझ्या गॅलरीत!"

आणि निघालीस. दुसऱ्या दिवशी तुला ताप होता. आपण त्याला साधा ताप म्हणत होतो. पुढचं मला इथे लिहायचं नाही, तुला ते माहीत आहे आणि मला ते पुन्हा बघायचं नाही. पण माझ्या बाजूने ते भांडण अजून त्या नाक्यावरच उभं आहे.

आता दहाव्याचं.

आदल्या संध्याकाळी कशिशचा फोन आला. रडत होती. "टीचर, तुम्ही प्लीज थांबवा. मंदा टीचरचे भाऊ आले होते दुकानात. माझ्या दादाजींनी त्यांना कछुए दिले, लाल कानवाले. उद्या टीचरच्या नावाने तळ्यात सोडणारेत."

मला वाटलं, या पोरीने मला फोन केला नसता तर किती बरं झालं असतं. माहीत नसतं तर मी गप्प उभी राहिले असते, हात जोडले असते आणि घरी आले असते.

तुझ्या भावाचं, जनूदादाचं, चुकलं असं मला म्हणवत नाही. तुझ्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला त्याने रंगीत मासे सोडले होते, आठवतं? दुसऱ्या दिवशी सगळे पांढरी पोटं वर करून तरंगत होते आणि तुझ्या आईने अन्न सोडलं होतं. या वेळी तो दुकानात जाऊन म्हणाला, मरणार नाही असं काहीतरी द्या. आणि कशिशच्या आजोबांनी भल्या मनाने सांगितलं, "साईं, कछुआ ले जाओ. ये कहीं नहीं मरता." बहिणीवरच्या मायेने त्याने नेमकं तेच निवडलं, जे तुझ्या फळ्यावर होतं.

दहाव्याला मी लवकर पोचले. तळ्याच्या घाटावर भटजींचं चाललं होतं, बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. जनूदादाने मुंडण केलेलं, डोळे सुजलेले. तुळशीच्या कुंडीशेजारी झाकणाला भोकं पाडलेली प्लास्टिकची बादली होती. मी त्याला बाजूला घेतलं आणि शक्य तितक्या हळू सांगितलं. तो ऐकत होता असं मला वाटलं. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही बाहेरच्या. आमच्या तल्याचं आमी बघू." आणि थोड्या वेळाने, "आयेला सांगायची हिंमत असंल तं सांगा. मी नय सांगनार."

तू मला जलपर्णी म्हणायचीस तेव्हा कधी लागलं नाही. हे लागलं. एक मन म्हणत होतं, बरोबर आहे त्याचं, तू कोण? दुसरं मन तुझ्या आवाजात ओरडत होतं. मी बायकांमधून वाट काढत तुझ्या आईजवळ गेले. बादली तिच्या मांडीला टेकलेली आणि तिचा हात झाकणावर, आतलं काही निसटू नये तसा.

मी सांगितलं. मावशी, ही कासवं मोठी होतात, माशांची पिल्लं खातात, बेडूक खातात, आपल्या तळ्यातलं ते मऊ पाठीचं कासव आहे ना, त्याला जागा देत नाहीत. मंदा हेच शिकवायची मुलांना. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, दहाव्याला काय हे. तुझ्या आईने झाकण काढलं, आतलं एक कासव उचललं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "येक सोरते, मास्तरीनबाय. येकच. येकानं काय व्हतंय?"

"एकानं काय होतंय" या वाक्यावर तर तू अख्खा एक तास घेतला होतास.

मी अडवलं नाही. अडवता आलं असतं. तिचा हात म्हातारा होता आणि मी जवळ होते. कासव पाण्यात गेलं, थोडा वेळ दिसलं, मग दिसेनासं झालं, आणि तुझ्या आईने ओंजळीतलं उरलेलं पाणी डोळ्यांना लावलं. बाकीची तीन मी बादलीसकट घरी आणली. रिक्षावाल्याने विचारलं, क्या है मॅडम? मी म्हटलं, पाहुणे.

आता पुढचं ऐक. ते कासव मरणारं नव्हतं, तसं ते लपणारंही निघालं नाही. दुकानातलं, माणसांना सोकावलेलं. घाटाजवळ पाण्यात तो सपाट दगड आहे ना, ज्यावर तुझं ते मऊ पाठीचं कासव क्वचित दिसायचं आणि तू बस थांबवून मुलांना दाखवायचीस, त्या दगडावर ते ऊन खात बसतं. तुझी आई सकाळी शिळी भाकरी कुस्करून घेऊन जाते. ते पोहत तिच्या पायाशी येतं. गेल्या शनिवारी मी मुलांना घेऊन गेले, तर ती मला म्हणाली, "बघ गो, माझी पोर कशी उन्हान बसलीय."

दगडाला हळदकुंकू लागलंय. तुमच्या शेजारची काकू म्हणतेय, एकटं किती दिवस राहील, मी जोडीला दुसरं आणते. तुझ्या चुलतभावाच्या मुलीच्या बारशाला कोणीतरी दोन सोडायची म्हणतंय. एकाचं काय होतं ते मी डोळ्यांनी बघतेय. आणि मुलं तिथे जाळं घेऊन उभी होती. कशिशने माझ्याजवळ येऊन विचारलं, "टीचर, ये तो लाल टबवाला है ना?"

मी म्हटलं, "पुढच्या शनिवारी."

तो उद्या आहे. मी काढलं तर म्हाताऱ्या बाईच्या हातातून तिची मुलगी दुसऱ्यांदा काढून घेतल्यासारखं होईल. नाही काढलं, तर इतकी वर्षं तू जे राखलंस ते तुझ्याच नावाने जाईल, आणि त्या मुलांना कळेल की टीचरचे नियम टीचर असेपर्यंतच होते. तू तिकडे निवांत आहेस. मी इथे सकाळपासून एक पोळी धड लाटलेली नाही.

इथपर्यंत लिहून मी कागद उचलून ठेवला होता. आता पुढचं सांगते.

शनिवारी मी बसच्या आधी गेले. एकटीच, लाल टब घेऊन. जाळं नेलं नाही. मावशी घाटावर बसली होती, भाकरी कुस्करून झाली होती आणि ते पायरीपाशी तोंड वर करून खात होतं. डोळ्यांमागचे लाल पट्टे उन्हात चांगले ठसठशीत दिसत होते. खरं सांगू? सुंदर दिसत होतं.

मी शेजारी बसले. ठरवून गेले होते ते सगळं विसरले आणि एवढंच म्हटलं, "मावशी, मंदाला हे चाललं नसतं."

"मना ठावं हाय," ती म्हणाली.

मी टब मागे सरकवला.

"घरान बी तेच बोलायची ती. रांधताना, जेवताना. माझं डोकं खाल्लं व्हतं पोरीनं." मग ती बराच वेळ भाकरीचे तुकडे टाकत राहिली. "दवाखान्यान मना संध्याकाळी बोलले, घरी जा. ती निजलेली. मी बोलली, कशाला उठवू. तशीच निघाली. येतंय बोललीच नय मी तिला. आख्ख्या जन्मान कवा अशी न सांगता निघाली नव्हती." तिने कासवाकडे हात केला. "हिला रोज सांगून जातंय."

मंदा, तिथे मला कळलं की तुझी आई रोज सकाळी एवढ्यासाठी येते. मी तुझ्या तळ्याची, तुझ्या वर्गाची, तुझ्या नियमांची काळजी करत होते आणि ती फक्त निघताना निरोप घ्यायला येत होती. ज्या गोष्टीसाठी मी गेले होते ती आता माझ्या तोंडून निघणार नव्हती. टब घेऊन तशीच परत जावं असं मी जवळजवळ ठरवलं होतं.

तेवढ्यात बस आली.

मुलं नेहमी आरडाओरडा करत उतरतात. त्या दिवशी नाही. रांगेने आली आणि घाटाच्या वर थांबली. त्यांनी लाल टब पाहिला होता. कशिशच्या हातात जाळं होतं. ती दोन पायऱ्या उतरली, जाळं खाली ठेवलं आणि तुझ्या आईशेजारी बसली.

"आजी, ते आम्हीच विकलं. माझ्या दादाजींनी. त्यांना मालूम नव्हतं." मग मराठी पुरेना म्हणून, "मैंने बताया उनको. अब जो भी लेता है, उसको बोलते हैं, छोडना नहीं."

तुझ्या आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग वळून तिने माझ्याकडे नाही, मुलांकडे पाहिलं आणि विचारलं, "हिला काय करनार? खड्ड्यान गारनार?"

सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. जो जेवला नव्हता तो मुलगाही त्यांच्यात होता. बांधापलीकडचा तुझा खड्डा त्या सगळ्यांनी पाहिलेला. तुझी आई हात मांडीवर ठेवून उत्तराची वाट बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "माझ्या घरी नेणार. बाकीची तीन आहेत, तिथे."

मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "पण टीचरनी सांगितलं होतं, लाल टबातलं..."

"टीचरनी मला वेगळं सांगितलंय," मी म्हटलं. "तू सांभाळ म्हणाल्यात. जन्मभर."

खोटं नव्हतं ते. तू रागाने म्हणाली होतीस, पण म्हणाली होतीस. साक्षीला अख्खा अंबरनाथचा नाका आहे.

तुझी आई उठली. पदर खोचला, पायरी उतरून पाण्यात गेली आणि भाकरीचा शेवटचा तुकडा बोटात धरला. ते आलं. तिने दोन्ही हातांनी उचललं. त्याचे पाय हवेतच पोहत होते. ते तिने टबात ठेवलं आणि क्षणभर वरून हात तसाच धरला, दहाव्याला बादलीवर धरला होता तसा. या वेळी हात तिने स्वतःच काढला.

"कवा दिसल मना?"

"कधीही या. रविवारी या, मी घरी असते."

मग मुलांनी जाळं टाकलं. दोन मरळीची पिल्लं आणि मूठभर झिंगे आले. मुलांनी निळा टब तुझ्या आईसमोर ठेवला. तिने एकेकाचं नाव घेतलं आणि सोडलं. मुलांपेक्षा तिला जास्त नावं येत होती, आणि मुलं तिच्यामागून ती म्हणत होती. दगडावरचं हळदकुंकू कशिशने पाणी मारून धुतलं, तेव्हा कोणी तिला काही म्हणालं नाही. दगड रिकामा होता. तुझं मऊ पाठीचं कासव काही वर आलं नाही. येईल तेव्हा येईल.

खड्ड्याचं काय करायचं ते अजून मला ठरवता आलेलं नाही. सकर मासे येतच राहणार आणि सगळे माझ्या गॅलरीत मावणार नाहीत. तिथे तुझं म्हणणं खरं आहे आणि ते खरं आहे म्हणून मला अजून राग येतो. मी एवढं ठरवलंय की खड्ड्यापाशी मी जाईन, मुलं जाणार नाहीत. तुला हे पटलेलं नाही, मला माहीत आहे. ये आणि भांड.

जनूदादा माझ्याशी अजून बोलत नाही. रविवारी तो मावशीला बाइकवरून घेऊन येतो आणि खालीच गेटपाशी उभा राहतो. वॉचमनने खुर्ची दिली तरी बसत नाही. मागच्या वेळी मात्र त्याने मावशीच्या हातून वाफ्यातला ताजा माठ वर पाठवला. कासवांसाठी की माझ्यासाठी ते सांगितलं नाही. मी निम्मा निम्मा केला.

गॅलरीत आता एक मोठा हौद आहे आणि कपडे वाळत घालायला जागा नाही. तुळस मेलीच, तू म्हणाली होतीस तशी. कासवं चौघं व्यवस्थित आहेत. किती वर्षं जगतील कोण जाणे, कदाचित मला पुरून उरतील. माझ्यानंतर ती घेईल, असं कशिशने आत्ताच सांगून ठेवलंय. मावशी येते, स्टुलावर बसते, तुझ्या आवडत्या सुक्या बोंबलाची चटणी माझ्यासाठी आणलेली असते, आणि तासभर त्यांच्याशी बोलते. तिचं कासव कोणतं ते तिला बरोबर ओळखता येतं, मला चारही सारखीच दिसतात. ती काय बोलते ते मी ऐकत नाही. स्वयंपाकघरात भांडी घासत असते, घासलेली पुन्हा घासते.

काल निघताना तिने चप्पल घातली, दार उघडलं आणि परत आत आली. हौदाशी वाकली.

"येतंय गो बाय," ती म्हणाली. "पुढल्या आयतवारी येतंय."

मी नळ मोठा सोडला, मंदा, आणि ती जिना उतरून जाईपर्यंत तुझ्यासाठी पोटभर रडून घेतलं.